सांगली-साताऱ्यातून ऑनलाइन विक्री सुरू करताना: पाकिटावरचा शब्द आणि गिऱ्हाइकाची ठेव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा व्यापारी आधी हळकुंड मोडतो. आतला रंग बघतो, वास घेतो आणि मगच दर बोलतो. नागपूरला बसून मोबाईलवर तुमची हळद बघणाऱ्या बाईंना यातलं काहीच करता येत नाही. त्यांच्यासमोर एक फोटो असतो आणि तुम्ही लिहिलेल्या चार ओळी. तेवढ्यावर त्या आधी पैसे पाठवतात, वर स्वतःचं नाव, घरचा पत्ता आणि मोबाईल नंबरही तुमच्या हवाली करतात. ऑनलाइन विक्रीचे बहुतेक नियम या दोन गोष्टींभोवती फिरतात: तुम्ही काय लिहिलंत, आणि त्यांनी दिलेलं कसं सांभाळलंत.

मी आणि माझी वहिनी घरून हळद, बेदाणा आणि कांदा-लसूण मसाला विकतो. तासगाव, विटा, कराड, कोरेगाव भागातल्या बचत गटांच्या ताया विचारतात, "दादा, सुरुवात कुठून करू?" त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय. यातलं काही आम्ही चुकून शिकलोय, तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

पायरी १: कुठे विकणार ते ठरवा

तीन वाटा आहेत: मोठ्या प्लॅटफॉर्मवर विक्रेता म्हणून नोंदणी, स्वतःची वेबसाइट, किंवा व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन कुरिअर. तिसऱ्या वाटेवरच्या बऱ्याच जणांना वाटतं, हा काही धंदा नव्हे, ओळखीपाळखीत चाललंय. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम इंटरनेटवरून होणाऱ्या खरेदी-विक्रीला लागू आहेत. सूट फक्त अशा व्यक्तीला आहे जी नियमितपणे किंवा पद्धतशीरपणे धंदा करत नाही. घरातला जुना फ्रीज एकदा विकला तर तुम्ही त्यातून सुटता. दर आठवड्याला वीस पाकिटं पाठवत असाल तर तुम्ही विक्रेते आहात, मग दुकान असो वा नसो.

प्लॅटफॉर्मवर जाणार असाल तर माल चढवण्याआधी त्यांच्याशी लेखी करार असावा लागतो. तो वाचा. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला शेजारी बसवा. रिटर्न आल्यावर येण्या-जाण्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो आणि तुमचे पैसे किती दिवसांनी खात्यात येतात, या दोन कलमांखाली पेनाने रेघ मारून ठेवा.

पायरी २: कागदपत्रं

यात फार अडकू नका, पण टाळूही नका.

खायची कोणतीही वस्तू असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना हवाच. अर्ज त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होतो, नंबर चौदा आकडी असतो आणि तो पाकिटावर छापायचा असतो. तिथे ई-कॉमर्स हा व्यवसायाचा वेगळा प्रकार धरला आहे. म्हणून स्वतःच्या वेबसाइटवरून विकणार असाल तर आपण कोणत्या गटात बसतो हे जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून मगच फी भरा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिच्यासाठी दोन-तीन हजार मागणारे भेटतील, त्यांना हात जोडा.

जीएसटीत एक खाच आहे. गावातल्या दुकानाला महाराष्ट्रात मालविक्रीसाठी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर पहिल्याच पार्सलपासून नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना तेवढी सवलत आहे. आपल्याकडे हा प्रश्न लगेच उभा राहतो, कारण मिरजेतून निघालेलं पार्सल तासा-दोन तासांत कर्नाटकात पोहोचतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना प्लॅटफॉर्मवर जीएसटी नोंदणीशिवाय विकता येतं, पण राज्याच्या आतच, आणि त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा पहिलं वर्ष महाराष्ट्रापुरतं ठेवायचं की लगेच बेळगाव-बंगळूरला पाठवायचं, हे आधी ठरवा आणि मग कर सल्लागाराकडे जा. उलटं केलंत तर दोनदा फी द्यावी लागेल.

पायरी ३: पाकिटावर काय, स्क्रीनवर काय

सगळ्यात जास्त चुका मी इथे बघितल्यात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधीच पॅक केलेल्या मालाला २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम लागतात. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं रोजच्या वापरातलं नाव, निव्वळ वजन, माल तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल हवा. यातला महिना-वर्ष सोडून बाकी सगळं वेबसाइटवरही दिसलं पाहिजे. ही तरतूद २०१८ पासून आहे. तरी आजही निम्म्या पानांवर फोटो आणि किंमत सोडून काही नसतं.

त्यात एकक किंमतही छापायची असते. किलोपेक्षा कमी माल असेल तर दर ग्रॅमला किती ते. २५० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना असेल तर ०.३६ रुपये प्रति ग्रॅम. ५०० ग्रॅमचं पाकीट १९० रुपयांना लावलंत तर तिथे ०.३८ दिसेल, म्हणजे मोठं पाकीट महाग पडतंय हे गिऱ्हाइकाला लगेच कळेल. आमच्या गणितातली चूक आम्हाला अशीच कळली. छापण्याआधी आकडे मांडून बघा.

वजनकाटा वैध मापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडून तपासून त्यावर शिक्का मारून घ्या आणि दरवर्षी पुन्हा तपासा. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत पॅक करणाऱ्याची नोंदणीही याच विभागाकडे करायची असते. ही नोंदणी हमखास राहून जाते, कारण कोणी सांगतच नाही.

खाद्यपदार्थाला याशिवाय घटकांची यादी, पोषणमूल्यं, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख लागते. अ‍ॅलर्जीची सूचना आपल्याकडच्या मालात फार महत्त्वाची. तासगाव भागात हिरव्या-पिवळ्या बेदाण्याला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. ही पद्धत जुनी आणि मान्य आहे, पण त्यातून सल्फाइट मालात उतरतं. ते किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर पाकिटावर लिहावंच लागतं. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने त्रास होतो. शेडवरून माल घेताना धुरी दिली का, ते विचारा, आणि एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. दुकानाच्या मांडणीतला बेदाणा गिऱ्हाईक तोंडात टाकून बघतं, काही वाटलं तर तिथल्या तिथे विचारतं. ऑनलाइन गिऱ्हाईक कोणाला विचारणार?

कंदी पेढ्यासारख्या दुधाच्या मालाचं वेगळं गणित आहे. ऑनलाइन विकला जाणारा खाद्यपदार्थ पोहोचेल तेव्हा त्याच्या टिकण्याच्या मुदतीतला किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने प्लॅटफॉर्मना सांगितलं आहे. पेढा दहा दिवस टिकतो असं तुम्ही लिहिलंत आणि साताऱ्याहून कुरिअरला आठ दिवस लागले, तर त्या गावची ऑर्डर घेऊच नका. पिनकोड बंद ठेवण्यात कमीपणा नाही.

पायरी ४: नाव कुणाचं लावताय?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावता येतं. सांगलीचा बेदाणा, कोरेगावचा वाघ्या घेवडा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांनाही ते आहे. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या मानांकनात सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे येतात.

अडचण अशी की सांगली ही हळदीची पेठ आहे. मराठवाड्यातली, कर्नाटकातली हळद इथे येते, सौद्यात विकली जाते, इथेच दळली जाते. ती सांगलीतून निघाली म्हणून 'सांगलीची हळद' होत नाही. मानांकनाचं नाव खोटं वापरणं हा १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. तुम्ही शेतकरी असाल किंवा ठरलेल्या भागातल्या शेतकऱ्याचा माल घेत असाल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अर्ज करा. बाहेरची हळद विकायची असेल तर सरळ लिहा: "हिंगोलीची हळद, सांगलीत दळलेली." चांगली असेल तर तीही खपते. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ज्या पिढ्यांनी हळद सांभाळली त्यांच्या नावावर दुसरीकडचा माल विकणं मला चोरीच वाटते, कायदा असो वा नसो.

फोटोंचंही तेच. दुसऱ्याच्या पानावरून उचललेला फोटो म्हणजे त्याच्या कॉपीराइटचा भंग, आणि गिऱ्हाइकाची दिशाभूल वेगळीच, कारण त्या फोटोतली हळद तुमची नाही. मोबाईलवर, खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात स्वतःच्या मालाचा फोटो काढा. रंग गडद करणारा फिल्टर लावू नका.

पायरी ५: गुण सांगताना जीभ आवरा

"मधुमेहावर रामबाण." "कॅन्सर होत नाही." हळदीच्या जाहिरातीत ही वाक्यं मी इतक्यांदा बघितली आहेत की आता राग येतो. एखादी आजारी बाई गोळ्या बंद करून तुमची हळद घेत बसली तर? १९५४ चा औषध व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा मधुमेह, कर्करोग अशा आजारांची यादीच देतो, आणि त्यांवर उपाय म्हणून जाहिरात करायला मनाई करतो. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आजीचा उपाय म्हणून घरात सांगणं वेगळं, विकायच्या पाकिटावर छापणं वेगळं.

'सेंद्रिय' हा शब्दही जपून. त्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय मालाच्या सरकारी योजनांपैकी एकीचं प्रमाणन लागतं. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला थोडी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर ऑनलाइन मोठ्या अक्षरात 'सेंद्रिय' लिहू नका. 'शंभर टक्के शुद्ध' असले दावे थांबवावेत असं एफएसएसएआयने मे २०२५ मध्ये कळवलं आहे. कर्क्युमिनचं (हळदीतल्या पिवळ्या घटकाचं) प्रमाण लिहायचं असेल तर त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल फाइलला असू द्या. अहवाल करताना शिसंही तपासा. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट हा शिसं असलेला रंग मिसळल्याचे प्रकार हळदीत घडलेले आहेत आणि शिशाचा सगळ्यात जास्त घात लहान मुलांना होतो. तयार पूड घेऊन विकणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

पायरी ६: किंमत, रिव्ह्यू आणि घाई

डिलिव्हरीचा खर्च पहिल्याच पानावर दाखवा. १८० रुपयांची हळद शेवटच्या पानावर २६० ची झाली तर त्याला ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अनुचित पद्धत म्हटलं आहे. तशा तेरा पद्धती त्यात दिल्या आहेत. न मागता टोपलीत वस्तू टाकणं, 'फक्त दोनच शिल्लक' असं खोटं लिहून घाई करणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, हे सगळं त्यात आलं. बचत गटाला वेबसाइट करून देणारे मुलगे हे प्रकार तयार साच्यातच घालून देतात. साइट हातात घेताना एकेक बटण दाबून बघा आणि खोटं काही दिसलं तर काढायला लावा. आधीच टिक केलेला चौकोन तर कुठेच नको.

स्वतःच गिऱ्हाईक बनून रिव्ह्यू लिहायचा नाही, चुलतभावाकडूनही लिहून घ्यायचा नाही. २०२० च्या नियमांत ते स्पष्ट आहे. इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या ताईला फुकट मसाला पाठवून व्हिडिओ करवलात, तर मसाला फुकट मिळाला हे तिने ठळकपणे सांगायला हवं. वाईट रिव्ह्यू आला तर पुसू नका. त्याखाली उत्तर लिहा, बॅच नंबर विचारा, पाकीट परत मागवा. आमच्या मसाल्यात मीठ जास्त असल्याचं एका वाईट रिव्ह्यूमुळेच कळलं.

पायरी ७: माल परत आणि तक्रार

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही बिलावरची ओळ आजच पुसा. खराब माल परत न घेणं, पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा तशीच प्रथा, म्हणून दहा रुपयांच्या पाकिटालाही बिल. माल लिहिल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर पोहोचला, तरी परत घ्यायला नकार देता येत नाही. गिऱ्हाइकाला नुसतं आवडलं नाही म्हणून परत घ्यायची सक्ती कायद्यात नाही. तिथे तुमचं धोरण तुम्ही ठरवा आणि आधी लिहून ठेवा. "पाकीट फोडतानाचा व्हिडिओ नसेल तर पैसे मिळणार नाहीत" अशी अट हल्ली सगळे लिहितात. व्हिडिओ मागायला हरकत नाही, पण सत्तरीच्या आजीकडे तो नसेल म्हणून तिचा फुटलेला डबा नाकारू नका.

उशिराला एक अपवाद आहे, नैसर्गिक आपत्तीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कुणाचंच पार्सल हललं नसतं. अशा वेळी कायदा तुम्हाला पकडणार नाही, पण गप्प बसू नका. ज्यांच्या ऑर्डर अडकल्यात त्या प्रत्येकाला कळवा आणि पैसे परत हवेत का विचारा.

तक्रारीसाठी एका माणसाचं नाव, फोन आणि ईमेल पानावर द्या. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवाडा महिन्याच्या आत, असा नियम आहे. लक्षात ठेवा, गिऱ्हाईक स्वतः राहतं त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याला फी पडत नाही. २५० ग्रॅम हळदीसाठी तुम्हाला गडचिरोलीची तारीख लागू शकते. फोन उचलणं त्यापेक्षा फार स्वस्त आहे.

पायरी ८: गिऱ्हाइकाची माहिती ही ठेव आहे

एका दिवाळीला मी सगळ्या गिऱ्हाइकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. नवीन बेदाणा आला होता, सगळ्यांना एकदम कळावं एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका ताईंचा फोन आला. ग्रुपमधून नंबर घेऊन कोणीतरी अनोळखी माणूस त्यांना रात्री मेसेज पाठवत होता. त्या एकट्या राहायच्या. मी माफी मागितली, ग्रुप बंद केला, पण गेलेला नंबर परत आणता येत नाही. त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी कागदावरचा राहिला नाही.

गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला देणं, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येच अनुचित प्रथा ठरवली आहे. वर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत दिली आहे. माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास कमाल दंड २५० कोटी रुपये. तुमच्या-माझ्यासारख्याला तेवढा दंड कोणी लावायला बसलेलं नाही, पण सवयी आत्तापासून लावा.

लागेल तेवढंच मागा: नाव, पत्ता, पिनकोड, फोन. जन्मतारीख कशाला? आधार तर कधीच नको. पत्ता पार्सलसाठी दिलाय तर तो पार्सललाच वापरा. सणाच्या ऑफरचा मेसेज हवा का, हे वेगळं विचारा, आणि 'नको' म्हणणं 'हो' म्हणण्याइतकंच सोपं ठेवा. काय घेतो, कशासाठी घेतो, पुसायचं असेल तर कोणाला सांगायचं, हे पाच-सहा ओळींत लिहा. कायदा ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत वाचायची सोय ठेवायला सांगतो आणि मराठी त्यात आहेच. तेव्हा कुठूनतरी चिकटवलेलं इंग्रजी पान नको, आपल्या भाषेत लिहा. अठराच्या आतल्या मुलांची माहिती आई-वडिलांच्या पडताळता येईल अशा संमतीशिवाय घ्यायची नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता माहिती खरी कुठून गळते ते सांगतो. पत्त्यांची चिठ्ठी छापायला आपण पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो आणि फाइल त्याच्या संगणकावर राहते. तिथेच उभं राहून ती पुसा, रिसायकल बिनमधूनही. परत आलेल्या पार्सलचे खोके रद्दीत देताना वरचा पत्ता फाडा. ऑर्डरची एक्सेल फाइल घरातल्या पाच मोबाईलवर फिरते; ती एकाच ठिकाणी, पासवर्ड लावून ठेवा. पॅकिंगला येणारी मुलगी काम सोडून गेली की त्याच दिवशी पासवर्ड बदला. सगळ्यांना एकदम कळवायचं तर ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरा, म्हणजे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. गिऱ्हाइकाने पाठवलेला आभाराचा मेसेज स्टेटसला लावायचा तर विचारून, आणि नाव-फोटो झाकून.

कार्डचे तपशील फोनवर विचारू नका, वहीत लिहू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डचा नंबर साठवून ठेवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पैसे यूपीआयने किंवा पेमेंट गेटवेने घ्या. तुमच्या नावाने कोणी खोटं खातं काढून गिऱ्हाइकांकडून पैसे उकळले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा आणि स्वतःच्या पानावर तसा इशारा लावा.

घरून विकणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट खास. पॅक करणाऱ्याचा पत्ता आणि फोन पाकिटावर द्यावाच लागतो, म्हणजे तो शेकडो अनोळखी घरांत जातो. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. जमलं तर पॅकिंग बचत गटाच्या जागेत करा आणि परवाना त्याच पत्त्यावर काढा.

पायरी ९: पहिली ऑर्डर स्वतःच द्या

सगळं तयार झालं की दुसऱ्या गावच्या नातेवाइकाच्या नावाने तुमच्याच साइटवरून एक पाकीट मागवा. आम्ही वाईच्या मावशीला पाठवलं होतं. पैसे भरताना कुठे अडतंय का, शेवटची रक्कम पहिल्या पानासारखीच आहे का, पार्सल सांगितलेल्या दिवशी आलं का, ते मावशीला वहीत लिहायला सांगा. पाकीट घरच्या काट्यावर ठेवायला सांगा. लेबल चष्मा न लावता वाचता येतं का, तेही. मग तिच्याकडून तक्रारीच्या नंबरवर एक खोटी तक्रार करवा आणि घड्याळ लावून बघा, तुमच्या घरातून उत्तर किती वेळात जातं. आमच्याकडून तीन दिवस गेलं नव्हतं, कारण तो नंबर ज्या फोनमध्ये होता तो वहिनीच्या ट्रंकेत बंद पडला होता. नंबर बदलला, लेबलं पुन्हा छापली, आणि विक्री पंधरा दिवस उशिरा सुरू केली.